वेळापत्रक कुणाचं?

बऱ्याच दिवसांत इकडे फिरकले नाही. मध्ये चार महिने आम्ही दोघं लेकीकडे अमेरिकेत होतो. आल्यावर घर लावण्यात आणि पाहुण्यारावळ्यांत दिवस गेले. एकदोघांनी फोन करून विचारलंसुद्धा, "बाई, लिहिणं बंद केलंत का?" बंद नाही केलं. आज विषय आयता चालून आला आहे, आणि तो आणून दिला आहे माझ्या भाच्याने.

हा भाचा महाराष्ट्रातल्या एका शहराच्या बससेवेच्या कार्यालयात नोकरीला आहे. शहराचं नाव सांगत नाही, त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. त्याच्या टेबलावर एक अर्ज आला आहे. दोन इंजिनिअर पोरांनी तो केलाय. त्यांना शहरातले सगळे बसथांबे नकाशावरच्या जागेसकट हवेत, सगळे मार्ग आणि सगळ्या फेऱ्यांच्या वेळा हव्यात. बसमध्ये जीपीएसच्या डब्या बसवल्या आहेत, त्यामुळे कुठली बस आत्ता कुठे आहे तेही हवं. त्यातून ते लोकांसाठी एक मोफत ॲप करणार आहेत. साहेबांनी अर्जावर "आपले मत सादर करावे" असा शेरा मारून तो भाच्याकडे सरकवला. भाच्याने रात्री मला फोन केला. "आत्या, द्यावी म्हणून लिहू की देऊ नये म्हणून लिहू? महिनाअखेरपर्यंत टिप्पणी द्यायची आहे."

आता हा प्रश्न त्याने मला का विचारावा? मी मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. पण त्याने तो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरही टाकला होता आणि तिथे दोन तट पडले होते. एक काका म्हणाले, सरकारी मालमत्ता अशी फुकट वाटायची असते होय? एक भाची म्हणाली, काका, जग कुठे गेलं! मग नेहमीप्रमाणे कुणीतरी गुलाबाच्या फुलाचं चित्र टाकलं आणि चर्चा संपली. फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं हे नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. भाचा वाचेलच. तुम्हीही वाचा आणि माझं पटतं का ते सांगा.

आधी माझ्या थोरल्या बहिणीबद्दल सांगते, कारण माझ्यासाठी हा विषय तिच्यापासून सुरू होतो. ताई आता ब्याऐंशीची आहे आणि त्याच शहरात राहते. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली आहे. उजेड-अंधार कळतो, समोर बस आली हे कळतं, पण पाटीवर काय लिहिलंय ते दिसत नाही. थांब्यावर उभी राहून ती शेजाऱ्याला विचारते, "बाळा, कुठली आली रे?" शेजारी कुणी असलं तर ठीक. दुपारच्या वेळी थांब्यावर कुणीच नसतं. बस येते, थांबते न थांबते आणि जाते, आणि गेली ती आपलीच होती का हेही तिला कळत नाही. रिक्षा दर वेळी परवडत नाही. त्यामुळे तिने गुरुवारचं भजन सोडलं, मग मैत्रिणीकडे जाणं सोडलं. आता ती फक्त डॉक्टरकडे जाते. तिच्या तोंडून तक्रार निघत नाही, पण तिचं शहर हळूहळू लहान होत चाललंय हे मला दिसतं.

आणि गंमत बघा, बस कुठे आहे हे बसमधल्या डबीला ठाऊक आहे. कार्यालयातल्या पडद्यावर ती ठिपका होऊन सरकताना भाचा रोज बघतो. ठाऊक नाही ते फक्त थांब्यावर उभ्या असलेल्या ताईला.

आता माझ्या शाळेतलं सांगते. माझे विद्यार्थी वाचत असतील तर त्यांना आठवेल, आमच्या शाळेचं वेळापत्रक मी सतरा वर्षं केलं. बावीस तुकड्या, तीसएक शिक्षक, दिवसाला आठ तासिका, शनिवारी सकाळची शाळा. मे महिन्याच्या सुट्टीत मोठा कागद जमिनीवर पसरून रंगीत पेन्सिलींनी मी ते आखायची. पूर्वी ते मुख्याध्यापकांच्या काचेखाली असायचं आणि ज्याला त्याला आपल्यापुरतं सांगितलं जायचं. एक वर्षी मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी ते अख्खंच्या अख्खं खालच्या व्हरांड्यातल्या फलकावर लावलं.

त्यानंतर काय झालं ते बघण्यासारखं होतं. शिपाईमामांनी त्यावरून घंटेच्या वेळांची स्वतःची यादी करून घेतली. खेळाच्या सरांनी मैदान कधी मोकळं असतं ते शोधून काढलं. पाचवीतल्या मुलांच्या आया जाड पुस्तकं कुठल्या वारी आणायची नाहीत ते उतरवून घेऊन गेल्या. आणि आठवीत एक मुलगी होती, पोलिओमुळे तिच्या पायात कॅलिपर असायचे. तिच्या वडिलांनी फलकासमोर उभं राहून तिच्या वर्गाला वरच्या मजल्यावर कधी कधी जावं लागतं ते मोजलं आणि मला येऊन म्हणाले, "बाई, बुधवारी तिला चार वेळा जिना चढायला लागतो." बुधवारच्या दोन तासिका आम्ही खाली आणल्या. मी वेळापत्रक एकच केलं होतं. ते उघड्यावर टांगल्यावर लोकांनी त्यातून आपापल्या गरजेची दहा करून घेतली. ती दहा मला कधीच सुचली नसती, कारण त्या गरजा माझ्या नव्हत्या.

भाच्याच्या अर्जावर माझं जे मत आहे ते सगळं ह्या फलकावरून आलेलं आहे. बाकी जे पुढे लिहिते आहे ते लेकीकडे राहून पाहिलेलं, आणि नंतर वाचून-विचारून गोळा केलेलं.

आमची लेक पोर्टलंडजवळ हिल्सबरोला राहते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगन राज्यातलं हे गाव. तिथून मॅक्स नावाची गाडी शहरात जाते. आपली लोकल आणि जुनी ट्राम ह्यांच्या मधलं काहीतरी म्हणा. लेक-जावई कामावर गेले की आम्ही दोघं त्या गाडीने भटकायला निघायचो. तिथे पासष्टच्या वरच्यांना भाड्यात सवलत आहे, आणि अशा प्रवाशांना ते 'ऑनर्ड सिटिझन' म्हणतात. मानाचे नागरिक! आमच्या ह्यांना हा शब्द इतका आवडला की घरी चहा मागतानासुद्धा "मानाच्या नागरिकाला अर्धा कप मिळेल का" असं सुरू झालं. तर तिथे प्रत्येक थांब्याला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो खांबावर लिहिलेला असतो. एका ठराविक नंबरवर साध्या फोनने फोन लावून तो क्रमांक दाबला की पुढची गाडी किती मिनिटांत येते ते ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या मनात ताईच आली.

जावयाने सांगितलं की जगभरच्या बस आणि गाड्या मोबाइलच्या नकाशावर दिसू लागल्या त्याची सुरुवात ह्याच शहरात झाली. तिथल्या वाहतूक संस्थेचं नाव ट्रायमेट. बिबियाना मॅकह्यू नावाच्या बाई तिथे संगणक विभागात काम करत. २००५ साली त्यांना असं दिसलं की स्वतःची मोटार घेऊन कुठे जायचं असेल तर इंटरनेटवर रस्ता झटकन सापडतो, पण परक्या गावात बसने जायचं म्हटलं तर काहीच सापडत नाही. त्यांनी नकाशे दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्यांशी संपर्क साधला. गूगलमध्ये क्रिस हॅरेलसन नावाचे एक इंजिनिअर ह्याच विषयावर काम करत होते. ट्रायमेटने आपलं वेळापत्रक त्यांना दिलं आणि डिसेंबर २००५ मध्ये गूगलची सार्वजनिक वाहतुकीची सेवा एकट्या पोर्टलंड शहरासाठी सुरू झाली. पुढच्या वर्षी त्यात सिएटल, होनोलुलू अशी आणखी पाच शहरं आली.

ते वेळापत्रक कसं दिलं होतं हे कळल्यावर मला हसूच आलं. मला वाटलं होतं काहीतरी अगम्य असेल. असतात साध्या याद्या! एका यादीत थांबे: क्रमांक, नाव, अक्षांश, रेखांश. दुसरीत मार्ग. तिसरीत त्या मार्गावरच्या फेऱ्या. चौथीत कुठली फेरी कुठल्या थांब्यावर किती वाजता. पाचवीत कुठली फेरी कुठल्या वारी आणि सुट्टीला धावते की नाही. म्हणजे तुकडी, विषय, तासिका आणि वार! प्रत्येक ओळीत एकेक रकाना स्वल्पविरामाने वेगळा केलेला. तीस वर्षं मुलांच्या वह्यांतले स्वल्पविराम दुरुस्त केले, त्या स्वल्पविरामावर जगातल्या बस चालतात म्हणजे काय! मुद्दाम इतकं साधं ठेवलं होतं की लहान गावाच्या बससेवेलाही आपल्या नेहमीच्या तक्त्यांतून ते करता यावं. ह्या पद्धतीला जीटीएफएस म्हणतात. त्यातल्या 'जी'चा अर्थ आधी गूगल होता, काही वर्षांनी तो बदलून 'जनरल' म्हणजे सर्वसाधारण असा केला, कारण तोवर ती सगळ्यांचीच झाली होती. २०११ साली तिला जोड मिळाली ती धावत्या गाडीची आत्ताची स्थिती सांगणाऱ्या पद्धतीची.

भाच्याच्या अर्जातल्या पोरांनी मागितलंय ते हेच. मराठी महाजालावर डेटाला 'विदा' असा छान शब्द आहे. तर ही मुलं विदा मागताहेत. ॲप करून द्या असं ते कार्यालयाला म्हणत नाहीत. तुमच्याकडे आहे ते फलकावर लावा, बाकी आमचं आम्ही बघतो, एवढंच म्हणताहेत.

आता भाच्याच्या शंका. त्याने फोनवर चार सांगितल्या, त्या क्रमाने घेते.

पहिली शंका, "ही माहिती आमच्या संस्थेची मालमत्ता आहे." अरे, हा वाद न्यूयॉर्कमध्ये होऊन गेला. २००९ साली तिथल्या वाहतूक महामंडळाने, एमटीएने, आगगाड्यांच्या वेळा मोबाइलवर दाखवणाऱ्या एका ॲपच्या कर्त्याला स्वामित्वहक्काची भाषा सुनावली होती. वेळापत्रक आमचं आहे, वापरायचं तर पैसे मोजा, असा सूर. लोकांनी टीका केली आणि जानेवारी २०१० मध्ये त्याच महामंडळाने धोरण बदलून वेळापत्रकं सगळ्यांसाठी खुली केली. खरं तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच टेलिफोन डिरेक्टरीच्या एका खटल्यात सांगितलं होतं की नुसत्या वस्तुस्थितीवर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो. आपल्याकडचा कायदा वेगळा, ते मी जाणते. पण शहाणपण तेच आहे. सव्वानऊची बस सव्वानऊला सुटते ही गोष्ट लपवून ठेवण्याची मालमत्ता कशी होईल? ती लोकांना दिलेली वेळ आहे.

आणि आपल्याकडे माहितीचा अधिकार आहेच की. योगायोग बघा, पोर्टलंडची बस नकाशावर आली डिसेंबर २००५ मध्ये, आणि आपला माहिती अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला १२ ऑक्टोबर २००५ ला. दोन महिन्यांचं अंतर. ह्या कायद्याचं चौथं कलम मला सगळ्यात आवडतं, आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. सार्वजनिक संस्थांनी आपणहून इतकी माहिती मांडून ठेवावी की लोकांना अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे कायद्याचा आदर्श असा की कायदा वापरावाच लागू नये! नंतर २०१२ मध्ये केंद्र सरकारने माहिती खुली करण्याचं राष्ट्रीय धोरण आणलं आणि त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळही सुरू झालं. २०१८ मध्ये कोची मेट्रोने आपलं वेळापत्रक जीटीएफएसमध्ये खुलं केलं. त्याच वर्षी दिल्लीच्या परिवहन विभागाने तिथल्या ट्रिपल आयटी ह्या संस्थेच्या मदतीने बसची माहिती खुली केली. त्यात धावत्या बसची जागासुद्धा होती. तेव्हा भाच्या, तू काही जगावेगळं करायला निघालेला नाहीस.

दुसरी शंका काकांची: "सरकारने कष्टाने गोळा केलेलं, आणि कंपन्या त्यावर पैसे करणार!" ही शंका मला खोटी वाटत नाही. गूगलचा फायदा झालाच. पण उपाय लपवण्यात नाही. एकाच कंपनीला बंद खोलीत दिलं तर तिची मक्तेदारी होते. सगळ्यांना सारखं दिलं तर मोठ्या कंपनीलाही मिळतं आणि ह्या दोन पोरांनाही. ट्रायमेटने तेच केलं. शिवाय २००९ पासून त्यांनी इतरांना बरोबर घेऊन प्रवासाचा मार्ग शोधून देणारी स्वतःची प्रणाली उभी करायला घेतली. ओपनट्रिपप्लॅनर तिचं नाव. ती कुणालाही वापरता येते, बदलता येते. म्हणजे दार उघडं ठेवलं, पण घर कुणाच्या नावावर केलं नाही.

खर्चाचं म्हणाल तर उलटाच हिशेब दिसतो. २००८ साली वॉशिंग्टन शहराने आपली खुली माहिती वापरून उपयोगी काहीतरी बनवा म्हणून स्पर्धा लावली. पन्नास हजार डॉलर खर्च आला आणि तीस दिवसांत ४७ ॲप आली. लंडनच्या वाहतूक संस्थेच्या खुल्या माहितीवर सहाशेहून जास्त ॲप चालतात, आणि त्यामुळे लोकांचा वेळ वाचण्यापासून सगळं धरून वर्षाला १३ कोटी पौंडांपर्यंतचा लाभ होतो, असा अंदाज डेलॉइटने २०१७ मध्ये काढला होता. आणि लांब कशाला जायचं? मुंबईच्या लोकलचं वेळापत्रक लाखो लोकांच्या हातात आणणारं एम-इंडिकेटर रेल्वेने नाही, एका मराठी तरुणाने बनवलं. आगगाडी कुठे आहे ते सांगणारं 'व्हेअर इज माय ट्रेन' बंगळुरूच्या एका लहान कंपनीने बनवलं, आणि ते इतकं चाललं की २०१८ मध्ये गूगलने ती कंपनीच घेतली. गरज होती म्हणून लोकांनी खटपट करून मार्ग काढला. खटपट न करता मिळालं असतं तर आणखी किती जणांनी काय काय केलं असतं?

तिसरी शंका भाच्याने जरा हळू आवाजात सांगितली. "आत्या, उघडं केलं की लोक चुका काढतील. कुठला थांबा यादीत आहे पण जागेवर नाही, कुठली फेरी कागदावर आहे पण सुटतच नाही, सगळं दिसेल." हो, दिसेल. मला वाटतं खरी भीती हीच आहे, आणि ती फक्त त्याच्या कार्यालयाला नाही. पण बंद कपाटातली चुकीची यादी चुकीचीच राहते, आणि तिचा त्रास रोज कुणाला तरी होतच असतो. त्या वडिलांनी बुधवारचा जिना मोजला तेव्हा शाळेची अब्रू गेली नाही. दोन तासिका खाली आल्या.

इथे एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. विदा खुली केल्याने रस्त्यावर एकही बस वाढत नाही. पाऊण तासाने एक बस असेल तर ॲप फार तर सांगेल की आणखी पस्तीस मिनिटं थांबा. पण त्यालाही किंमत आहे. सिएटलमध्ये २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एका संशोधक विद्यार्थ्याने वनबसअवे नावाची सोय केली, पुढची बस किती मिनिटांत येते ते सांगणारी. तिच्यावर २०११ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना काहीच माहीत नसतं त्यांना आपण प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ थांबलो असं वाटतं, आणि ज्यांच्या हातात ही माहिती असते त्यांना तसं वाटत नाही. शिवाय ते खरोखरच थोडं कमी थांबतात, कारण वेळ बघूनच घराबाहेर पडतात. ताटकळणं म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. अर्धं ताटकळणं मिनिटांचं असतं आणि अर्धं 'गेली की काय' ह्या धास्तीचं.

त्याच विद्यापीठातल्या लोकांनी पुढे ह्या सोयीला स्टॉपइन्फो नावाची जोड दिली, ती अंध प्रवाशांसाठी. थांब्याचा खांब रस्त्यापासून कुठे आहे, बाक आहे का, छप्पर आहे का, हे सगळं बोलून सांगणारी, आणि ही माहिती प्रवाशांनीच भरायची. सांगा बरं, कुठली वाहतूक संस्था निविदा काढून असलं काही करवून घेईल? थोड्या लोकांसाठी कोण एवढा खर्च मंजूर करील? पण मूळ माहिती उघडी असल्यामुळे कुणाला तरी ते करावंसं वाटलं आणि करता आलं. माझ्या ताईसाठी काही होणार असेल तर ते असंच होईल. साहेबांच्या बैठकीत तिची आठवण कुणाला येणार? पण त्या दोन पोरांपैकी एकाची आजी तिच्यासारखीच असू शकते.

चौथी शंका सगळ्यात शहाणी आहे, आणि तिला माझा पूर्ण पाठिंबा. "माणसांची माहितीही बाहेर जाईल का?" न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली टॅक्सींच्या आदल्या वर्षीच्या सुमारे १७ कोटी ३० लाख फेऱ्यांची माहिती माहितीच्या अधिकाराखाली बाहेर आली. टॅक्सीचे नंबर सांकेतिक करून झाकले होते, पण झाकण इतकं पातळ होतं की एका जाणकाराने ते थोड्या वेळात उलगडलं. कुठली टॅक्सी कधी कुठे होती ते उघड झालं, आणि छायाचित्रांशी पडताळून कुठला प्रसिद्ध माणूस कुठून कुठे गेला तेही लोकांनी शोधलं. तेव्हा रेघ अगदी ठळक ओढायची. बसची जागा उघडी, बसमधल्या माणसाची नाही. थांबे, मार्ग, वेळा, रद्द फेऱ्या सगळं द्यावं. पासवरचं नाव, कार्डावरचा क्रमांक, कोण कुठे चढलं आणि कुठे उतरलं, चालक-वाहकांची नावं, ह्यातलं काहीही देऊ नये. फलकावर मी तासिका लावल्या होत्या, मुलांचे गुण नव्हते लावले.

मग टिप्पणीत काय लिहावं? भाच्या, मी सरकारी भाषेत तरबेज नाही, पण मुद्दे देते. माहिती द्यावी, पण फक्त ह्या अर्जदारांना नव्हे. संस्थेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना सारखी, विनामूल्य, जीटीएफएस पद्धतीत ठेवावी. कागद स्कॅन करून ठेवू नयेत, ते यंत्राला वाचता येत नाहीत. सुरुवातीला सगळं शहर घेऊ नये. बॉस्टनमध्ये २००९ च्या नोव्हेंबरात धावत्या बसची माहिती खुली केली ती पाचच मार्गांची, आणि तासाभरात कुणीतरी त्या बस नकाशावर दाखवल्या. तुम्हीही पाच घ्या. माहिती शेवटची कधी दुरुस्त केली ती तारीख वर लिहावी. वेळापत्रक बदललं की ती बदलण्याची जबाबदारी एका पदावर टाकावी, कारण शिळी माहिती ही नसलेल्या माहितीपेक्षा वाईट. तिच्या भरवशावर कुणीतरी उन्हात उभं राहतं. चुका कळवायला एक पत्ता द्यावा, आणि आलेली चूक किती दिवसांत दुरुस्त होईल तेही लिहावं. आणि वैयक्तिक माहिती कधीही दिली जाणार नाही, हे वाक्य अधोरेखित करावं.

आता माझ्या वयाच्या वाचकांसाठी दोन शब्द. हे सगळं संगणकवाल्या पोरांचं काम, आपण काय करणार, असं म्हणून बाजूला बसू नका. थांब्यांची नावं एकदा बघा तर खरं. आधी इंग्रजीत लिहिलेली आणि मग यंत्राने परत मराठीत आणलेली. इंग्रजीतलं 'डी' पाहून ते 'ड' की 'द', 'टी' पाहून 'ट' की 'त', हे यंत्राला कसं कळणार? वडगावचं वाडगाव होतं, दत्तवाडीचं डट्टावाडी होतं. आणि बोलून सांगणारं ॲप उद्या झालंच, तर ते ताईला 'डट्टावाडी' असं सांगणार! ती बिचारी तिथे उतरेल का? जीटीएफएसमध्ये नावांच्या भाषांतरासाठी वेगळी यादी असते, म्हणजे मराठी नावं नीट देण्याची सोय आहे. यादी कार्यालयाच्या कपाटात असेपर्यंत आपण काहीच करू शकत नाही. ती उघडी झाली तर आपल्यासारखे निवृत्त मराठीचे शिक्षक दुपारच्या वेळात एकेका शहराची नावं शुद्ध करून देतील. लाल पेन तर अजून खिशात आहेच. कुठल्या थांब्यावर झाड आहे, कुठे बाक मोडलाय, कुठल्या थांब्यापुढे गटार उघडं आहे, हे आपल्याइतकं कोण सांगू शकेल? सगळ्यात जास्त वेळ तिथे आपणच उभे असतो.

माझ्यापुरती मी सुरुवात केली आहे. आमच्या घराजवळच्या बसमार्गावर एकोणीस थांबे आहेत, त्यांची नावं मी वहीत शुद्ध लिहून काढली. त्यातली सहा नावं खांबावर एक आणि बसच्या पाटीवर दुसरी आहेत. वही सध्या माझ्याकडेच आहे, कारण ती कुणाला द्यायची ते ठरलेलं नाही. तुमच्या गावचे थांबे कुणी उतरवून काढणार असाल तर मला जरूर कळवा, दोन वह्या झाल्या तर बरंच होईल.